युद्धाच्या चर्चेत जखमी सैनिक कुठे आहे?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत भारतातून माझ्या फोनवर येणारा जवळजवळ प्रत्येक संदेश शस्त्रांविषयी होता. कोणते क्षेपणास्त्र किती लांब जाते, एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेने किती ड्रोन पाडले, राफेल सरस की समोरच्यांकडची चिनी विमाने, यांवर नातेवाइकांच्या गटांत रात्रभर चर्चा चाले आणि टोकियोत सकाळ झाली की मी ती वाचत असे. रागाला कारण होते. २२ एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांपैकी सहा जण महाराष्ट्रातले होते, त्यांतले तिघे तर डोंबिवलीचे, आणि परदेशात राहते म्हणून माझ्या मनातला राग काही कमी नव्हता. मला अस्वस्थ करत होते ते वेगळेच. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी दिली, ती खोटी निघाली. त्याच दिवसांत पुंछ शहरात घरांवर तोफगोळे पडून माणसे मेली आणि जखमी झाली, हे मात्र खरे होते, आणि त्या जखमींचे पुढे काय झाले याविषयी माझ्यापर्यंत एक ओळही आली नाही.

त्याच सुमारास मी एक जपानी चित्रकथा पुन्हा वाचायला घेतली होती. यासुओ ओतागाकी यांची ‘मोबाइल सूट गंडम: थंडरबोल्ट’ ही मालिका २०१२ पासून शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या ‘बिग कॉमिक सुपीरियर’ या प्रौढांसाठीच्या नियतकालिकात येऊ लागली. गंडमचे विश्व त्याहून बरेच जुने आहे. १९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतून ते सुरू झाले. पृथ्वीवरील संघराज्य आणि अंतराळातल्या वसाहतींचे झिऑन नावाचे राज्य यांच्यातले वर्षभराचे युद्ध, त्यात बळी पडलेली निम्मी मानवजात, आणि आत माणूस बसवून चालवायचे महाकाय लढाऊ रोबो, एवढे माहीत असले तरी ओतागाकींची कथा समजते. त्यांनी या युद्धाचा एक लहानसा कोपरा निवडला आहे. मूर नावाच्या वसाहतींचे अवशेष अंतराळात तरंगत आहेत, भंगाराचे तुकडे विद्युतभारित झाल्यामुळे तिथे सतत विजा कडाडतात, आणि त्या ढिगाऱ्यात दोन तुकड्या एकमेकींची शिकार करतात. संघराज्याच्या बाजूने लढणारे सैनिक त्याच नष्ट झालेल्या वसाहतींचे आहेत. समोर झिऑनची नेमबाजांची तुकडी आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक सैनिकाने आधीच्या लढायांत हात किंवा पाय गमावलेला आहे.

ही दुसरी तुकडी मला या कथेचा गाभा वाटते. पाय गेलेला माणूस चालत चाल करून जाऊ शकत नाही, पण रोबोच्या आसनावर बसून दूरवरून नेम धरू शकतो, आणि त्याच्या कृत्रिम अवयवांतून मिळणारी माहिती शास्त्रज्ञांना हवीच असते. म्हणून ज्यांना घरी पाठवायला हवे होते, त्यांना प्रयोगासाठी आघाडीवर ठेवले जाते. डॅरिल लॉरेन्झ हा त्यांच्यातला एक. त्याचे दोन्ही पाय गेलेले आहेत. पुढे एका झटापटीत त्याचा एक हात जातो. झिऑनने तयार केलेला नवा रोबो चालकाच्या मज्जातंतूंशी थेट जोडला जातो, आणि तो पुरेपूर चालवायचा तर उरलेला धडधाकट हातही अडचणीचा ठरतो. तो हात कापला जातो. कोणी राक्षसी खलनायक हा निर्णय लादत नाही. वरिष्ठांना निकाल हवा असतो, शास्त्रज्ञांना यंत्र यशस्वी झालेले पाहायचे असते, आणि डॅरिललाही त्या यंत्रात बसल्यावर धावता येते, उडी मारता येते, पुन्हा धड शरीर मिळते. त्याच्या संमतीत जबरदस्ती किती आणि ओढ किती, हे वाचकाला शेवटपर्यंत वेगळे काढता येत नाही.

त्याचा प्रतिस्पर्धी इओ फ्लेमिंग लढताना जॅझ ऐकतो आणि त्याला युद्धाची मनापासून चटक आहे. डॅरिल प्रेमगीते ऐकतो. दोघांचे संगीत एकाच चोरट्या रेडिओवरून येते. पहिल्या वाचनात माणूस या संगीताच्या आणि द्वंद्वाच्या वेगाबरोबर वाहत जातो. दुसऱ्यांदा वाचताना मी त्या चौकटींवर थांबले ज्यांत काहीच घडत नाही: कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर उरलेल्या भागावर उमटलेले पट्ट्यांचे वळ, स्फोटानंतर भंगारात फिरणारे हेल्मेट. शेवटच्या हल्ल्यात संघराज्याकडची कोवळी मुले, ज्यांना धड प्रशिक्षणही मिळालेले नाही, सर्वांच्या पुढे पाठवली जातात आणि थोड्याच पानांत संपतात. ती पाने मी दुसऱ्या वाचनातही भराभर उलटू शकले नाही.

या प्रकारच्या कथांवर एक जुना आक्षेप आहे आणि तो मला योग्य वाटतो. युद्ध वाईट असते असे सांगणारी ही कथा ज्या रोबोंभोवती फिरते, त्यांच्याच प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बांदाई ही कंपनी १९८० पासून मुलांना विकत आली आहे, आणि टोकियोतल्या ओदाइबा भागात २०१७ मध्ये असाच सुमारे वीस मीटर उंचीचा रोबो उभारण्यात आला तेव्हा आईबापांनी मुलांना त्याच्या पायाशी उभे करून फोटो काढले. ओतागाकीही आपले रोबो जीव ओतून रेखाटतात. प्रत्येक नळी, प्रत्येक सांधा दिसतो. (२०१८ च्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या हाताला दुखापत जडली आणि रेषा बरीच साधी झाली, पुन्हा वाचताना हा बदल स्पष्ट जाणवतो.) पण त्यांच्या कथेत यंत्राचे सौंदर्य आणि यंत्रात बसण्यासाठी मोजलेली किंमत एकाच चौकटीत येते. रोबो जितका देखणा होत जातो, तितका त्याच्या आतला माणूस कमी होत जातो. मे महिन्यातल्या आमच्या चर्चेत यंत्र होते आणि हा आतला माणूस नव्हता, म्हणून ही कथा मला त्या दिवसांत इतकी जवळची वाटली.

असे लिहिले की घरून उत्तर येते. माझ्या मामेभावाने ते स्पष्टच दिले: “ताई, तुझं बरं आहे, तिकडे सुरक्षित देशात बसून शांततेवर बोलायला काय जातं?” त्याचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. माझ्या घरावर तोफगोळा पडण्याची शक्यता नाही, आणि ज्या देशात मी राहते त्याच्या स्वसंरक्षण दलाचा एकही सैनिक आजवर लढाईत मारला गेलेला नाही. शिवाय जपानने या बाबतीत आदर्श घालून दिला आहे, असे म्हणण्याचा माझा हेतूही नाही. येथे राहून मला दिसले ते जवळजवळ उलट आहे.

दुसरे महायुद्ध चालू असताना जपानमध्ये जखमी सैनिकाला पांढऱ्या झग्यातला वीर म्हणत आणि सम्राज्ञीच्या नावाने त्याला कृत्रिम अवयव भेट मिळत. १९४५ मध्ये पराभव झाला, आणि १९४६ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाच्या आदेशावरून सैनिकी निवृत्तिवेतन बंद करण्यात आले. मग तोच पांढरा झगा घालून, कृत्रिम पाय पुढे करून, गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवून हे सैनिक रेल्वे स्थानकांबाहेर आणि देवळांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले. १९५२ मध्ये मदतीचा कायदा झाला, १९५३ मध्ये निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले, पण जपानसाठी लढून अपंग झालेल्या कोरियन सैनिकांना नागरिकत्व गेल्याच्या कारणावरून वगळण्यात आले. त्यामुळे पुढेही बरीच वर्षे रस्त्यावर पांढरे झगे दिसत राहिले, आणि शेजारून जाणारे लोक नजर वळवत राहिले. जखमी सैनिकांची देशव्यापी संघटना २०१३ मध्ये विसर्जित झाली, कारण सदस्य फार वृद्ध झाले होते.

त्यांची आठवण जपणारे शोकेइकान हे सरकारी संग्रहालय टोकियोच्या कुदान भागात २००६ मध्ये उघडले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंबोचोपासून ते चालण्याच्या अंतरावर आहे. आत रानातल्या लष्करी इस्पितळाचा माणसांच्या आकाराचा देखावा आहे, कृत्रिम हातपाय आहेत, आणि ज्यांनी ते आयुष्यभर वापरले त्यांच्या आठवणी आहेत. प्रवेश विनामूल्य आहे, आणि मी गेले तेव्हा गर्दी नव्हती. तिथून जवळच यासुकुनी देवस्थानाचे युद्धसंग्रहालय आहे. त्याच्या दर्शनी दालनात झीरो लढाऊ विमान ठेवलेले आहे, आणि त्याच्याभोवती नेहमी माणसे असतात. एकाच परिसरात यंत्राला गर्दी आणि यंत्र चालवणाऱ्याच्या तुटलेल्या शरीराला शांतता, हे चित्र कोणत्याही एका देशापुरते नाही. शिगेरु मिझुकी या थोर चित्रकथाकारांनी पॅसिफिक महासागरातल्या राबौलच्या आघाडीवर विमानहल्ल्यात डावा हात गमावला आणि उरलेल्या उजव्या हाताने पुढे अनेक दशके चित्रे काढली. जपानी चित्रकथांत युद्धाकडे पाहण्याची जी कडवट, डोळे न मिटणारी नजर आहे, ती अशा लोकांकडून आलेली आहे. ओतागाकी त्यांच्यानंतर फार उशिरा आले, पण वारसा तोच आहे.

सामान्य नागरिकांची गोष्ट तर आणखी कठोर आहे. मी एदोगावात राहते, आणि तिथून जवळच्या कोतो भागात १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत अमेरिकी बॉम्बफेकीने पेटलेल्या आगीने वस्त्यांच्या वस्त्या नेल्या. टोकियोत सुमारे एक लाख माणसे त्या रात्री गेली. सैनिकांना निवृत्तिवेतन मिळाले, पण हवाई हल्ल्यात भाजलेल्या आणि अपंग झालेल्या नागरिकांना सरकारने भरपाई दिली नाही, आणि त्यांचा दावा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. शहराच्या प्रशासनाने स्मृतिसंग्रहालयाची योजना गुंडाळल्यावर लोकांनी पैसे जमवून कितासुना येथे एक लहान केंद्र २००२ मध्ये उभे केले. जपाननेही २०२२ मध्ये आपला संरक्षणखर्च २०२७ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या दोन टक्क्यांवर नेण्याचे ठरवले, तो अमेरिकेकडून टोमाहॉक क्षेपणास्त्रे घेत आहे, आणि इथल्या चर्चेतही पल्ले आणि टक्केवारीच जास्त ऐकू येते. शेजारी चीन आणि उत्तर कोरिया असताना ही तयारी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. या तयारीच्या हिशेबात जखमींचे पान नाही, एवढेच मला दिसते.

भारताकडे पाहिले तर काही बाबतीत आपण निश्चितच बरे वागलो आहोत. पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना पुन्हा उभे करत आले आहे. कण्याला दुखापत होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. जखमी सैनिकाला भीक मागायला लावणारा देश आपला नाही, याचा मला अभिमान आहे. पण सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांची कहाणी आठवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालचा भाग निकामी झाला, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, आणि पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. सुवर्णपदक मिळवणाऱ्या जखमी सैनिकाची ही गत, तर ज्याने पदक मिळवले नाही, जो गावी परत येऊन भावाच्या घरातल्या एका खोलीत राहतो, त्याचे नाव आपल्यापैकी कोणाला माहीत असणार? आपल्याकडे वीरमरण आलेल्या जवानाची अंत्ययात्रा निघते तेव्हा सारे गाव लोटते, चौकाला त्याचे नाव दिले जाते, आणि ते योग्यच आहे. जिवंत परतलेल्या जखमी जवानासाठी मात्र आपल्याजवळ असा कोणताही विधी नाही.

आणि जखमी होण्यासाठी युद्ध जाहीर व्हावेच लागते असेही नाही. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सीमेवर सैन्य उभे राहिले, युद्ध झाले नाही, तरी सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना कित्येक जवानांचे हातपाय गेले. त्या वर्षाची आठवण काढताना आजही आपण ‘युद्ध टळले’ असेच म्हणतो.

मामेभावाला मी हेच कळवले. सरकारने प्रत्युत्तर द्यायला नको होते, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्या घरातली माणसे पहलगामहून परत आली नाहीत, त्यांना मी टोकियोतून शांततेचे धडे देणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की युद्धाच्या बाजूने बोला किंवा विरोधात, पण त्या बोलण्यात डॅरिलसारखा माणूस आलाच पाहिजे. २०२३ मध्ये सैनिकांच्या अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे नियम बदलले, तेव्हा गैरवापर रोखण्यासाठी हे आवश्यक आहे असे सरकारने सांगितले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतला. सैन्यदल न्यायाधिकरणाने अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मंजूर केल्यावरही त्याविरुद्ध सरकारकडून वरच्या न्यायालयांत दाद मागितली गेल्याची प्रकरणे वर्षानुवर्षे येत आहेत. दोन्ही बाजूंना काही म्हणायचे असेल, पण मे महिन्यात रात्र रात्र जागून क्षेपणास्त्रांचे पल्ले मोजणाऱ्या माझ्या गटांत या नियमांचा उल्लेख मी कधी वाचला नाही. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. अशी किती प्रकरणे सरकारने जखमी जवानांविरुद्ध चालू ठेवली आहेत, आणि पुंछमधल्या जखमी नागरिकांच्या उपचारांचा खर्च पुढची वर्षे कोण करणार आहे, हे त्यांच्यापैकी कोणीही लेखी प्रश्न विचारून मागवू शकतो, आणि तो प्रश्न विचारायला आपल्या खासदाराला सांगणे आपल्या हातात आहे.