धुऱ्यातून धूर काढण्याची रीत

शेजाऱ्याने तुमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरला असेल आणि दावा लावावा असे मनात येत असेल, तर मोजणीची नक्कल काढण्याआधी एक इंग्रजी शब्दकोश विकत घ्यावा.

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने, काही अपवाद सोडता, महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली आहे, हे न्यायालयाच्या आवारात मोठ्याने बोलू नये.

प्रतिज्ञापत्र वाचण्याचा हट्ट धरू नये. ‘वरील मजकूर मला मराठीत समजावून सांगितला आहे’ असे त्यात इंग्रजीत लिहिलेले असतेच. तुम्ही फक्त अंगठा द्यावा.

प्रकरण नागपूर खंडपीठात गेले, तर खिसा मोकळा ठेवावा. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे तेथील कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून सातबारा, फेरफार आणि पंचनामा यांचे भाषांतर पानाच्या दराने करून द्यावे लागते. आमच्या काकाजींच्या पंचनाम्यात ‘धुऱ्यावरील दोन बाभळी’ होत्या. गेल्या महिन्यात भाषांतर हाती आले, त्यात त्या बाभळी धुरावर, म्हणजे चक्क ‘स्मोक’वर उभ्या होत्या. ज्या धुऱ्यासाठी एकोणीस वर्षे पेशीमागून पेशी केली, तो असा हवेत विरला, आणि चौथी शिकलेल्या काकाजींना ते कळण्याची सोयच नव्हती. भाचीने वाचले म्हणून कळले. दुरुस्तीसाठी अर्ज करा, असे सांगण्यात आले. अर्ज अर्थातच इंग्रजीत. शेजारच्या मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयात निदान हिंदी चालते. १९५६ पर्यंत आपण विदर्भवाले त्याच राज्यात होतो, हे आठवून काकाजींनी उगाच हळहळू नये.

इंग्रजी निकाल हाती आल्यावर वकीलसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून जिंकलो की हरलो ते ओळखावे.

पण वकीलसाहेब, खंडपीठाचे राहू द्या. तालुक्याच्या न्यायालयात तुम्ही मराठी, अशील मराठी, विरुद्ध पक्ष मराठी आणि साक्षही मराठीत. मग तो दावा इंग्रजीत कोणासाठी टाइप करता? जुना नमुना संगणकात तयार आहे, नावे बदलली की काम भागते, एवढेच ना कारण? ज्याची जमीन जाते आहे त्याच्याकडून फी मराठीत मागता, तर त्याची कैफियतही मराठीत लिहा. सव्वीस वर्षांहून अधिक काळ झाला त्या अधिसूचनेला. आता तरी लाज वाटू द्या.