टायर कॅम्बर एकटा खात नाही, 'टो' खातो

गाडी लोअर केलेल्या मुंबईकरांमध्ये एक व्हॉट्सॲप मजकूर जोरात फिरतोय. तो थोडक्यात असा: "गाडी खाली बसवली की टायर आतून जाणारच. कॅम्बर निगेटिव्ह होतो आणि आतली कड खातो. हे कुठल्याच मशीनवर सुधारत नाही, अलाइनमेंटवर पैसे घालवू नका. स्टीअरिंग सरळ आहे ना, मग झालं. तसंही मुंबईच्या खड्ड्यांत अलाइनमेंट टिकत नाही. कड गेली की टायर रिमवर उलटा चढवा, परत तेवढाच चालेल."

एकेक वाक्य घेऊ. (अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मापून जुळवणं.)

आतली कड जाते, हे खरं. पण कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक किती कललंय, एवढंच. चाकाची वरची बाजू आत झुकली की तो निगेटिव्ह. स्विफ्ट, आय20, पोलो अशा पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र उभा दांडा) असलेल्या गाड्या 30-40 मिलिमीटर खाली आणल्या तर कॅम्बर फार तर अंशभर निगेटिव्हकडे सरकतो. वजन आतल्या कडेवर जरा जास्त येतं, पण चाक गाडी जाते त्याच दिशेने लोळत असतं. निगेटिव्ह दीड अंशावर टायर आतून थोडा लवकर झिजेल, काही महिन्यांत तारा दिसायला लागणार नाहीत. 'जितकी खाली, तितका कॅम्बर' हेही सरसकट खरं नाही. लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) आडवा होऊन चाकाच्या बाजूने वर उचलला जाऊ लागला की हा बदल मंदावतो आणि पुढे उलट फिरतो.

टायर खरा खातो तो टो. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, तो हिशोब. गाडी खाली आली की टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि लोअर आर्म आपापल्या वर्तुळात फिरतात. त्यांची लांबी आणि कोन वेगळे, त्यामुळे चाक नुसतं वर सरकत नाही, थोडं वळतंही. स्टीअरिंग रॅक (टाय रॉडला ढकलणारी पट्टी) ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर ते आत वळणार की बाहेर हे ठरतं.

आकडा मांडून बघा. टायरचा व्यास 600 मिलिमीटर धरू. दोन चाकांत मिळून टो-आउट 4 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक चाक 2 मिलिमीटर बाहेर. 600 ला 2, म्हणजे 300 ला 1. प्रत्येक चाक किलोमीटरमागे तीन मीटरहून जास्त आडवं घासत जातं. वांद्रे ते दहिसर साधारण 25 किलोमीटर, तेवढ्यात 80 मीटर. हे रोज, जाऊन-येऊन. त्यात कॅम्बरने वजन आधीच आतल्या कडेवर टाकलेलं असेल तर घासायला नेमकी तीच कड मिळते. म्हणून झीज कॅम्बरची वाटते.

ओळखायला मशीन लागत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवा आणि टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. आतल्या बाजूला नुसता सपाट उतार असेल तर कॅम्बर. मध्येच वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप गेलाय किंवा बॅलन्सिंग बिघडलंय.

निगेटिव्ह चार-पाच अंश लावून मडगार्डखाली चाकं दडवणाऱ्या शोच्या गाड्यांना मात्र तो मजकूर लागू आहे. त्यांचे टायर जाणार, आणि मालकांना ते ठाऊक असतं. (लोअर करणं नियमात बसतं का, हा वाद वेगळाच. गाडीत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलं तर आनंद होत नाही.)

'मशीनवर सुधारत नाही' हे अर्धवट आहे. बहुतेक हॅचबॅकमध्ये कंपनीने पुढचा कॅम्बर फिरवायची सोय दिलेली नसते. स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असेल तर तिथे एक्सेंट्रिक (फिरवला की कोन बदलणारा) बोल्ट टाकून थोडाफार फरक पाडता येतो. टो मात्र टाय रॉड फिरवून प्रत्येक गाडीत लावता येतो. म्हणजे ज्याने जास्त नुकसान होतं, नेमकं तेच सुधारता येतं.

मागचा भाग मजकुराने सोडूनच दिलाय. वरच्या तिन्ही गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी तुळई, असतो. गाडी सरळ खाली बसवली म्हणून बीमच्या चाकांचा कॅम्बर आणि टो फारसा बदलत नाही. तरीही मागचा टायर आतून जात असेल तर दोष लोअरिंगचा नसणार. बीम वाकलाय का, हब बेअरिंग गेलंय का, ते बघा. 2006 मध्ये आपल्याकडे आलेल्या होंडा सिव्हिकचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, तिथे मात्र मागची चाकं बदलतात. चारही चाकांचे आकडे घेतल्याशिवाय अलाइनमेंटवाल्याकडून निघू नका.

स्टीअरिंग सरळ म्हणजे अलाइनमेंट ठीक, हे सगळ्यात घातक वाक्य. दोन्ही चाकं सारखीच बाहेर वळलेली असतील तर गाडी नाकासमोर धावते, स्टीअरिंग सरळ राहतं आणि टायर दोन्हीकडून आतून संपतात. अलाइनमेंट मशीनवर आकडे 'ठीक' दाखवणाऱ्या हिरव्या रंगावरही विसंबू नका. तो पट्टा मूळ उंचीच्या गाडीचा आहे आणि बऱ्यापैकी रुंद असतो. लोअर केलेल्या गाडीला टो शून्याजवळ ठेवायला सांगा, आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून घ्या. कागद द्यायला का-कू करणाऱ्याकडे मी गाडी लावत नाही.

आता खड्डे. अलाइनमेंट हवेत उडून जात नाही, काहीतरी वाकतं किंवा सैल होतं तेव्हा जाते. जॅकवर चढवून चाक घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर बहुधा टाय रॉड एंड. 12 आणि 6 ला लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. हा खेळ तसाच ठेवून घेतलेले आकडे रॅम्पवरून उतरेपर्यंतच खरे. स्प्रिंग कापून खाली केलेल्या गाड्या प्रत्येक खड्ड्यात बंपस्टॉपवर (सस्पेन्शनची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) आदळतात, त्यांची माउंटिंग आणि बुश (जोडांमधली रबरं) लवकर जातात. त्यात सोसायट्यांचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद. गेटवरचा वॉचमनच्या देखरेखीखाली ओतलेला सिमेंटचा उंचवटा तसा कुठे दिसतो का, बघा.

काम क्रमाने केलं तर बराच काळ टिकतं. उंची ठरवायची, काही शे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू द्यायची, मग अलाइनमेंट. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्ये घाईत नेमकं हेच होतं.

राहिला उलटा टायर. बाजूवर 'आउटसाइड' लिहिलेला असिमेट्रिक (आत-बाहेर वेगळी नक्षी असलेला) टायर रिमवर उलटा चढवायचा नसतो. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेला टायर उलटवून गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावता येतो, पण टो तसाच ठेवला तर काही दिवसांत दुसरी कडही जाईल. खाचांमधल्या झीज दाखवणाऱ्या पट्ट्या 1.6 मिलिमीटरला उघड्या पडतात. त्या बाहेरून बघून उपयोग नाही, आतल्या कडेला बघा, आणि जूनच्या आधी बघा. तिथे त्या नक्षीच्या बरोबरीला आल्या असतील तर टायर कुठल्याच बाजूने चढवू नका, नवा घ्या.