धूळ झाडून धूर जात नाही

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपल्या सांगलीचं नाव आहे. जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारने हा कार्यक्रम सुरू केला. आज त्यात देशातली 130 शहरं आहेत, त्यातली 19 महाराष्ट्रातली. मुंबई, पुणे, चंद्रपूर ही नावं कुणालाही अपेक्षितच असतील. पण त्याच यादीत कोल्हापूर, सोलापूर आणि सांगलीसुद्धा आहे, हे मी ज्यांना ज्यांना सांगतो ते आधी माझ्याकडे बघतच राहतात. यातली बहुतेक म्हणजे हवेचं राष्ट्रीय मानक सलग पाच वर्षं ज्यांना गाठता आलं नाही, ती शहरं. शेजारचा सातारा या यादीत नाही.

कृष्णेत मेलेल्या माशांचा खच दिसला की आपण सगळे बोलतो, आंदोलनं होतात, अधिकारी पाण्याचे नमुने घेऊन जातात. हवेसाठी असं काही झालेलं मला आठवत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कृपया पूर्ण वाचा.

या यादीत नाव असण्याला निधी जोडलेला आहे. दहा लाखांवरच्या बहुतेक शहरांना हवेसाठीचं अनुदान पंधराव्या वित्त आयोगातून मिळालं. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या, 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या योजनेतून तरतूद आहे. पैसा महापालिकेला मिळतो आणि पुढचा हप्ता कामगिरीवर ठरतो. कामगिरी म्हणजे काय, तर मुख्यतः हवेतलं पीएम 10 किती घटलं. 2017-18 च्या तुलनेत 2025-26 पर्यंत 40 टक्के घट, असं उद्दिष्ट ठेवलं होतं.

माझा सगळा आक्षेप या मोजमापावर आहे.

पीएम 10 म्हणजे हवेतले 10 मायक्रॉनपर्यंतचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा. मग हा आकडा खाली आणायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता? रस्ता झाडणारं यंत्र घ्या, कडेला पेव्हिंग ब्लॉक बसवा, चौकात कारंजं उभं करा, पाणी मारणारा टँकर फिरवा. दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेने 2024 मध्ये देशभरातल्या खर्चाचा हिशेब मांडला. 64 टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीसाठी गेला. काडीकचरा आणि जैवइंधन जाळण्याच्या प्रश्नावर साधारण साडेचौदा टक्के, वाहनांच्या धुरावर साडेबारा आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्कासुद्धा नाही.

धुळीचा त्रास खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण माणसाच्या फुप्फुसात खोलवर जाऊन रक्तात मिसळतो तो पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचा बारीक कण, आणि तो मुख्यतः जळण्यातून येतो. आपल्याकडे पीएम 2.5 चं वार्षिक मानक घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे आणि ते 2009 पासून तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 5 वर आणली. आपण 40 वर थांबलो आहोत आणि अनुदानाच्या हप्त्यासाठी तर तेही मोजत नाही. ज्या मिरजेत अख्ख्या दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लोक उपचाराला येतात, त्या मिरजेच्या हवेचा हिशेब धुळीवर व्हावा हे मला पटत नाही.

आता आपल्याकडे काय जळतं ते बघू. उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत संध्याकाळी कुठल्याही रस्त्याने सांगलीत या, वाळव्याकडून या नाहीतर पलूसकडून, उसाचे दोन-चार फड पेटलेले दिसतातच. थंडीत हा धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहतो. सकाळी गच्चीवरच्या कपड्यांवर काळ्या काड्या पडलेल्या असतात. काही ठिकाणी त्यात साखर कारखान्याच्या बॉयलरची काजळीही असते. त्या चिमणीसाठी 2016 पासून घनमीटरला 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि धुराचं सतत मोजमाप करणारं यंत्र बसवणं बंधनकारक आहे. म्हणजे तिथे नियम आहे, यंत्र आहे. फडाच्या धुराला मात्र ना मीटर ना मालक.

या विषयावर शहरातली माणसं बोलायला लागली की लगेच शेतकऱ्याला आरोपी करतात, त्याची मला चीड येते. आमच्या घरचाही ऊस वाळवा तालुक्यात आहे. शेतकरी पाला का पेटवतो? तोड झाल्यावर सरी दिसत नाही, पाणी अडतं, उंदीर होतात, सापाची भीती असते आणि खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची, मशागत तटते. तोडीच्या आधी फड पेटवायचं कारण वेगळं आहे. ऊसतोड टोळी मिळत नाही, मिळाली तर तिला मोकळा ऊस हवा असतो. जळक्या उसाला कारखाना कपात लावतो, तरीही लोक पेटवतात, कारण ऊस वाळत उभा राहण्यापेक्षा ती कपात परवडते. अशा माणसावर गुन्हा दाखल करून हवा सुधारणार नाही.

त्याला हवी आहे पाचट कुट्टी, म्हणजे उसाचा वाळका पाला बारीक करणारं यंत्र, आणि तीही तोड झाल्यावर आठवड्याच्या आत. एका हेक्टरमध्ये 8 ते 10 टन पाचट निघतं. ते जागेवर बारीक करून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले की तेच रानाचं खत होतं, ओल टिकते, तण दबतं. आमचे थोरले चुलते अजून म्हणतात, पेटवल्याशिवाय खोडवा नीट फुटत नाही. माझ्या धाकट्या भावाने मात्र काडी लावणं सोडलंय. त्याच्या खोडव्याला पाण्याच्या पाळ्या कमी लागतात हे चुलतेही मान्य करतात. अडचण यंत्राची आहे. कुट्टीयंत्राला कृषी यांत्रिकीकरण योजनेतून महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करून अनुदान मिळतं, शेतकरी गटाला अवजारं भाड्याने देणारी अवजार बँकही करता येते. पण अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, मग आधी स्वतःचे पैसे घालून खरेदी, या क्रमात दोन एकरवाला टिकत नाही.

आणि इथेच स्वच्छ हवेचा निधी उपयोगी पडायला हवा होता. तो पडत नाही, कारण निधी महापालिकेचा आणि फड ग्रामपंचायतीच्या हद्दीतला. हवेला हद्द नसते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. समडोळी, बुधगाव, हरिपूर, अंकलीत उठलेला धूर रात्री सांगलीत असतो. पण महापालिकेच्या पैशातून बुधगावच्या शेतकऱ्यासाठी कुट्टीयंत्र घ्यायचं म्हटलं तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, अशीच भीती अधिकाऱ्यांना वाटणार. माझी मागणी सरळ आहे: कार्यक्रमाचा पुढचा टप्पा आखताना शहराच्या हद्दीऐवजी जिल्हा धरा, किमान शहराभोवतीचा 10 किलोमीटरचा पट्टा धरा.

ही 10 किलोमीटरची कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये वीटभट्ट्यांसाठी जी अधिसूचना काढली, तिच्यात ती आहे. जुन्या पद्धतीच्या भट्ट्या कमी धूर करणाऱ्या झिगझॅग पद्धतीच्या करायच्या होत्या. मानक न गाठणाऱ्या शहरांच्या 10 किलोमीटरच्या आत असतील तर एक वर्षात, इतरत्र दोन वर्षांत. वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान 800 मीटर अंतर ठेवा, असंही त्यात आहे. द्राक्षाच्या जिल्ह्यात फळबागेचा हा उल्लेख किती मोलाचा आहे! धुराची काजळी घडावर बसली की काय होतं ते बागायतदाराला विचारा. म्हणजे भट्टीचा नियम करताना सरकारला शहराबाहेरची हवा दिसते, मग पैसे देताना का दिसत नाही?

कचऱ्याबद्दल थोडक्यात. उघड्यावर कचरा जाळला तर 5 हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25 हजार दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश डिसेंबर 2016 चा आहे. आपल्या प्रभागात कोपऱ्यावर पाला आणि प्लास्टिक एकत्र पेटवलेलं दिसलं तर फोटो काढून महापालिकेकडे तक्रार करा.

कायदाही बदललाय. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्यात कैदेची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने बहुतेक कलमांतली कैद काढून 10 हजार ते 15 लाखांचा दंड आणला आणि तो ठरवायला न्यायालयाऐवजी निवाडा अधिकारी नेमला. खटले वर्षानुवर्षं रेंगाळण्यापेक्षा दंड लवकर होत असेल तर मला तो चालेल. पण मोठ्या उद्योगाला 15 लाख म्हणजे किरकोळ खर्च आहे, आणि छोट्या भट्टीवाल्याचं त्यात दिवाळं निघेल. दंड कुपवाडच्या लहान युनिटपासून सुरू होऊन तिथेच संपू नये, यावर आपलं लक्ष हवं.

ग्रामपंचायतींसाठी एक दार उघडं आहे आणि ते पुरेसं वापरलं जात नाही. राज्याच्या पर्यावरण विभागाचं माझी वसुंधरा अभियान 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच घटकांवर गुण मिळतात, चांगल्या गावांना बक्षिसाची रक्कम मिळते. झाडं लावून फोटो काढण्यात सगळ्यांचा उत्साह दिसतो. तसाच वायू या घटकाखाली गावातली पाचट जाळणी थांबवण्याचं काम दाखवा आणि मिळालेल्या रकमेतून गावाचं कुट्टीयंत्र घ्या.

शहराने काय करावं याचं उदाहरण लांब शोधायला नको. स्वच्छ वायू सर्वेक्षणात 3 ते 10 लाख लोकसंख्येच्या गटात अमरावती 2023 ला देशात पहिली आली आणि 2025 लाही. आपण त्याच गटात आहोत. आपल्या महापालिकेचं एक पथक अमरावतीला पाठवा, त्यांची कागदपत्रं बघा, काय जमलं ते विचारा. आणि 2019 पासून स्वच्छ हवेसाठी किती आले, कशावर किती गेले, याचा एक पानी मराठी तक्ता महापालिकेच्या दारात लावा. केंद्राच्या पोर्टलचं नाव ‘प्राण’ आहे, पण तिथे जाऊन विश्रामबागची आजी माहिती शोधणार नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की हे कुणी अर्ज न करताच जाहीर करायचं असतं. तक्ता लागला नाही तर मी अर्ज टाकणार आहे. सोबत कोण येतंय ते सांगा.

आणि ज्यांच्या गावात पाचट कुट्टी भाड्याने मिळते त्यांनी गावाचं नाव आणि एकरी दर खाली लिहा. यंदाची तोड सुरू व्हायच्या आत यादी करून वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या ग्रुपवर टाकतो.