गरुड उंच गेला, कावळा मात्र पडला नाही

सकाळच्या शुभेच्छांसोबत हा मजकूर हमखास येतो : ‘गरुडाला चोच मारायची हिंमत फक्त कावळा करतो. तो गरुडाच्या पाठीवर बसून मानेला टोचतो. गरुड प्रतिकार करत नाही, नुसता उंच उंच जातो. वर ऑक्सिजन कमी पडला की कावळा आपोआप गळून पडतो.’ मग आपणही आयुष्यातल्या कावळ्यांकडे दुर्लक्ष करावं, असा सल्ला. सल्ला ज्याचा त्याला लखलाभ, पण त्यासाठी पक्ष्यांना वेठीला धरलंय.

‘फक्त कावळा’ हे तर सरळच चूक. जेमतेम पन्नास ग्रॅमचा कोतवाल घारीला पिटाळून लावतो. टिटवी, साळुंकी, बुलबुलही गप्प बसत नाहीत. दिवसाढवळ्या पिंगळा दिसला की भोवती केवढा कालवा होतो! पक्षीनिरीक्षक याला मॉबिंग म्हणतात.

पाठीवर बसणं घडतं, पण क्वचित. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सीबेकला टिपलेला तसा फोटो 2015 मध्ये जगभर फिरला. तो कावळाही क्षणभर टेकून उडून गेला होता. एरवी कावळा मागून, वरून झेपावतो आणि लगेच बाजूला होतो. पंजांच्या टप्प्यात कशाला येईल?

कारण गरुड काही संत नाही. कधी तो हवेतच उलटा होऊन पंजे रोखतो. बहुतेकदा मात्र भानगडीत पडत नाही, कारण कावळा चटकन गिरकी घेतो आणि त्याच्यामागे धावण्यात दमछाकच जास्त. शिवाय एवढा आरडाओरडा झाल्यावर सावजं सावध झालेली असतात. तिथे शिकार कसली मिळणार?

आता ऑक्सिजन. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि श्वास सोडतानाही ताजी हवा मिळत राहते. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहकांच्या मागोमाग 8,000 मीटरच्या वर पोचलेले पिवळ्या चोचीचे पक्षी कावळ्याच्याच कुळातले! ही पाठलागाची नाटकं तर झाडं-इमारतींपासून थोड्याच उंचीवर चालतात. तिथे कावळ्याला भोवळ येत असती, तर आपल्या गच्च्यांवर कावळ्यांचा सडा पडला असता.

यात एक गोष्ट खरी आहे : गरुड वर जातो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेत रुंद पंख पसरले की त्याला फारसे कष्ट न करता चढता येतं. कावळ्याला मात्र पंख मारत राहावं लागतं. म्हणून तो पाठलाग सोडतो. पण सोडतो तेव्हा त्याचं काम झालेलं असतं. गरुडाला मारायचं नव्हतंच, पिल्लांपासून लांब घालवायचं होतं. उंच गेलेला गरुड म्हणजे निघून गेलेला गरुड. गोष्टीत हरलेला म्हणून दाखवलेला पक्षीच इथे जिंकतो.

हे पाहायला सीबेकला जायला नको. आपल्याकडे ‘गरुड’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंमध्येही बहुधा घारच असते. पावसाच्या तोंडावर कावळ्यांची घरटी झाली की नारळाच्या एखाद्या झाडावर नजर ठेवा. घार आली की दोन-तीन कावळे तिच्या मागे लागतील, ती घिरट्या घेत वर सरकेल, आणि कावळे त्याच झाडावर परत येऊन आणखी थोडा वेळ काव काव करत बसतील.