खंडाळ्याच्या अलीकडे, कोंबडीसह

गेल्या रविवारी दुपारी पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं टाकून, हातात जिवंत कोंबडी धरून जो माणूस उभा होता, तो मी. फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे. साडूने काढलाय, त्याच्या नव्या गाडीची काच अर्धी उतरवून. थांबला नाही. हात मात्र केला.

गाडी 2006 ची. खंबाटकी घाट अजून यायचा होता, चढही नव्हता. ऐंशीच्या वेगात पुढून ‘फट्’ असा आवाज आला आणि इंजिन गप्प. धूर नाही, धक्का नाही. कडेला घेऊन सेल्फ मारला, तर एरवी खँक्‌-खँक्‌ करत कुंथणारं इंजिन सुईंईं करून फिरायला लागलं. रिकामा मिक्सर फिरतो ना, तसं. मला वाटलं, वा, बॅटरी अजून दमदार आहे!

तेवढ्यात ते आले. डोक्याला टोपी, शर्टाच्या खिशात तीन पेनं, हातात बाजाराची पिशवी आणि पिशवीतून डोकं काढलेली कोंबडी. कुणी बोलावलं नव्हतं. इंजिनात पाहिलं, दोन सेकंद डोळे मिटले आणि म्हणाले, “कचराय.”

“काय?”

“पेट्रोलात कचरा आलाय. ही धरा.” पिशवी माझ्या हातात. “कार्बोरेटर कुटाय?”

“याला नसतो काका. इंजेक्शनवाली आहे.”

“काढला व्हय?”

“नाही, मुळातच नसतो.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कार्बोरेटर मीच भंगारात विकून खाल्लाय. मग टाकीचं झाकण उघडायला लावून तिथे कान लावला. (टाकीत काय ऐकू येतं, मला आजही कळलेलं नाही.) “आता मारा सेल्फ.” मी कोंबडी मांडीवर घेऊन सेल्फ मारला. सुईंईं. कोंबडीने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. त्या सबंध दुपारी माझ्याविषयी सहानुभूती दाखवणारी तेवढीच.

“काय करता तुमी?”

“इंजिनिअर आहे.”

“मग?”

“कॉम्प्युटरचा.”

“हां.”

तो ‘हां’ अजून माझ्या छातीत आहे. एकोणीस वर्षं नोकरी केली, घराचे हप्ते फेडले, त्या सगळ्याचा हिशेब या माणसाने एका अक्षरात मिटवला.

दरम्यान मी टोइंगवाल्यांना फोन लावला होता. सांगितलं, खंडाळ्याच्या अलीकडे. तासाभराने ड्रायव्हरचा फोन: “सर, मी लोणावळ्याच्या पुढे आलोय, तुम्ही दिसत नाही.” खंडाळा म्हटलं की सगळ्यांना तेच धुकं आणि चिक्कीवालं खंडाळा आठवतं. सातारा जिल्ह्यातही एक आहे, तालुक्याचं गाव आहे, पण त्याची कुणाला पडलेली नाही. इथले लोक मुद्दाम ‘पारगाव-खंडाळा’ का म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं, चौदाशे रुपये जादा मोजून.

तो परत फिरून येईपर्यंत काकांनी टपरीवरची दोन पोरं जमवली. “दुसरा गेर टाका, क्लच दाबा, सांगतो तवा सोडा.” मला नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. पोरांनी ढकललं, काका “सोडाऽ” म्हणाले, मी सोडला. आतून कट्‌-कट्‌-कट्‌ आवाज आला.

“बगा!” काका टाळी वाजवून म्हणाले, “बोलाय लागली!”

याच सुमारास साडू गेला.

गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला. ऑइलचं झाकण उघडलं, म्हणाला, “सेल्फ मारा.” भोकातून आत पाहिलं. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर जागचा हलत नव्हता. “टायमिंग बेल्ट गेला.” पिस्टनांना जोडलेला खालचा क्रँक दोनदा फिरला की व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या झडपा, उघडणारा वरचा कॅम एकदा फिरतो, आणि हे नातं जपणारा असतो एक दातेरी रबरी पट्टा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. पट्टा तुटला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच लटकतात, आणि खालून पिस्टन यायचे थांबत नाहीत. खिडकीतून डोकं काढून बसावं आणि खिडकी खाली आदळावी, तसं. वाकडा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हवा दाबली जातच नाही. वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखी गत. म्हणून ते सुईंईं. दाबायला काही उरलंच नाही, तर इंजिन कुंथणार कशाला?

नवा पट्टा खुणा जुळवून चढवला आणि प्लग काढून दाब मोजायचा गेज लावला. काटा दीडशेच्या वर पाहिजे. दोन सिलिंडरांत काटा हललाच नाही, तिसऱ्यात चाळीस, चौथ्यात एकशे चाळीस. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. बारापैकी सात व्हॉल्व्ह वाकडे.

“धक्का मारलात का?”

“थोडासा.”

“तुटला तेव्हाच वाकलेत बहुतेक,” तो म्हणाला. मला हे पटवून घ्यायचं नाही. सत्तावीस हजार चारशे रुपये बिल झालंय, दोष द्यायला कुणीतरी हवं. पट्टा अकराशेचा होता. गाडी 2013 मध्ये विकणाऱ्या गृहस्थांनी “सगळं केलेलं आहे, फक्त पेट्रोल टाका” असं सांगितलं होतं आणि मी खरोखर फक्त पेट्रोल टाकत राहिलो. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, पण ते पट्ट्याला कुणी कळवलं नव्हतं. ब्रेक कुरकुरतो, क्लच जड होतो, सायलेन्सर तर गल्ली डोक्यावर घेतो. हा मेला झाकणाआड बसून एका शब्दाने बोलला नाही.

काल काकांचा फोन आला. नंबर त्यांनी जाताना घेतला होता. “झाली का चालू?” मी सगळं सांगितलं: पट्टा, कॅम, सात व्हॉल्व्ह, बिल. पलीकडे बराच वेळ शांतता. मागे कोंबडीचा आवाज येत होता.

“म्हंजी,” ते म्हणाले, “कचराच की ओ.”