बाल्टिक समुद्र म्हणे ‘नाटोचं तळं’ झाला!

उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राचा एक नकाशा सोशल मीडियावर फिरतोय. किनारा जवळजवळ सगळा निळा, रशियाचे दोन लाल तुकडे, आणि खाली चार दावे: सगळा समुद्र आता नाटोचा, डेन्मार्कने मनात आणलं तर रशिया कोंडला जाईल, रशियाचं बाल्टिक आरमार निकामी झालं, म्हणून हा समुद्र सुरक्षित.

रंग चुकलेले नाहीत. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत आला. किनाऱ्यावरच्या नऊ देशांपैकी आठ आता एका गटात आहेत. पण किनारा आपला म्हणजे पाणी आपलं, हे समुद्राच्या कायद्यात बसत नाही. फिनलंडचं आखात अरुंद आहे, तरी फिनलंड आणि एस्टोनिया या दोघांनी आपापली सागरी हद्द आखडती घेऊन मधोमध आंतरराष्ट्रीय पाण्याची पट्टी मोकळी ठेवली आहे. सेंट पीटर्सबर्गची जहाजं त्याच पट्टीतून ये-जा करतात.

दुसरा दावा सगळ्यात जास्त टाळ्या घेतो, आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. बाल्टिकमधून बाहेर पडायच्या नैसर्गिक वाटा डेन्मार्कला लागून आहेत, हे खरं. ओरेसुंड सामुद्रधुनी कोपनहेगनजवळ इतकी उथळ आहे की भरलेले मोठे टँकर तिकडून जात नाहीत. ते डेन्मार्कच्याच ग्रेट बेल्ट या दुसऱ्या, खोल सामुद्रधुनीने जातात. डेन्मार्कने ओरेसुंडवर चारशेहून अधिक वर्षं जकात वसूल केली. १८५७ च्या कोपनहेगन तहाने ती बंद झाली, डेन्मार्कला एकरकमी भरपाई मिळाली आणि व्यापारी जहाजांना मुक्त वाट मिळाली. तो तह आजही लागू आहे. युद्ध नसताना ही वाट अडवणं म्हणजे युद्धाला आपणच तोंड फोडणं. शिवाय पोलंड, फिनलंड, लिथुआनिया यांचा मालही याच वाटेने जातो, हे नकाशा रंगवणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

ही वाट उघडी असल्याचा पुरावा आपल्याकडेच आहे. प्रिमोर्स्क आणि उस्त-लुगा या बंदरांतून निघालेलं रशियन कच्चं तेल २०२२ नंतर मोठ्या प्रमाणात भारतात आलं, ते याच सामुद्रधुनीतून. आणि आपली ‘आयएनएस तुशील’ ९ डिसेंबर २०२४ ला नौदलात दाखल झाली ती कालिनिनग्राड या रशियन बंदरात, म्हणजे त्या तथाकथित तळ्याच्या काठी. तिथून ती कारवारला आली.

आरमाराचा दावा अर्धा खरा आहे. युद्ध पेटलं तर रशियन जहाजांची तिथे अडचण होईल. पण कालिनिनग्राडमधली क्षेपणास्त्रं जमिनीवर आहेत, त्यांना सामुद्रधुनी ओलांडावी लागत नाही.

राहिली सुरक्षितता. बाल्टिकची सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. गोड्या-खाऱ्या पाण्याच्या थरांमुळे सोनारचा (पाण्याखाली ध्वनीने शोध घेणाऱ्या यंत्राचा) आवाज वाकतो, त्यामुळे पाणबुडी शोधणं अवघड. १९८१ मध्ये सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नौदल तळाजवळ खडकावर रुतली, तेव्हा कुठे ती तिथवर आल्याचं कळलं! आज मात्र पाणबुडीचीही गरज नाही. इतक्या उथळ समुद्रात साध्या मालवाहू जहाजाचा नांगर तळाशी पोचतो आणि तिथल्या वीज-इंटरनेटच्या केबल फरफटवत नेतो. २५ डिसेंबर २०२४ ला ‘ईगल एस’ या टँकरच्या नांगराने फिनलंड-एस्टोनियामधली ‘एस्टलिंक २’ ही वीजवाहिनी तोडल्याचा आरोप झाला. फिनलंडने जहाज ताब्यात घेतलं, अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने सांगितलं की हा खटला आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

नाटोने जानेवारी २०२५ पासून केबल राखायला खास गस्त सुरू केली. त्याच वर्षी मे महिन्यात एस्टोनियाने कुठल्याही देशाचा वैध ध्वज, म्हणजे नोंदणी, नसलेला ‘जग्वार’ हा टँकर थांबवायचा प्रयत्न केला, तर रशियाचं लढाऊ विमान एस्टोनियाच्या हवाई हद्दीत शिरलं. टँकर थांबला नाही. तो रशियन हद्दीत निघून गेला.