फोनवरचा २३० आणि पेनल्टीसमोरचा गोलकीपर

भाऊ, माझ्या आधीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेत तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून भाऊच म्हणतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅपवरच्या सरावाचा मैदानावर उपयोग नाही हे मी उगाच ठोकून दिलं, तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे इशारा दिसल्यापासून बोट टेकेपर्यंतचा वेळ, महिन्याभरात २९० मिलिसेकंदांवरून २३० वर आला, 'बेस्ट' तर १४८, आणि मी सुचवलेली पट्टीची चाचणी म्हणजे शाळकरी खेळ.

आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण मधे नवीन फोन घेतल्याचं तुम्हीच लिहिलंय की राव! साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, म्हणजे दोन चित्रांत जवळपास १७ मिलिसेकंद. वर बोटाचा स्पर्श नोंदवायला फोन घेतो तो वेळ वेगळाच. त्या ६० मिलिसेकंदांतले तुमचे किती, फोनचे किती, हे कसं ठरवायचं? १४८ चं तर सोडूनच द्या. डोळ्यांनी बघून बोट हलवायला साधारण २०० ते २५० लागतात. आवाजाला त्याहून कमी, कारण प्रकाशाचा संदेश तयार करायला डोळ्याच्या पडद्याला कानापेक्षा जास्त वेळ लागतो. धावण्याच्या शर्यतीत आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत निघालेला धावपटू चुकीची सुरुवात केली म्हणून धरला जातो. तुमचं बोट बहुधा अंदाजानं पडलं असणार.

पट्टी शाळकरी खरी, पण गुरुत्वाकर्षणाला अपडेट येत नाही. दुसऱ्यानं उभी धरलेल्या पट्टीच्या शून्यापाशी बोटं उघडी ठेवायची आणि त्यानं सोडली की चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर ०.२० सेकंद, ३० वर पकडलीत तर ०.२५. सोडणाऱ्यानं इशारा न देता, कधी लवकर कधी उशिरा सोडावी. सुरुवातीचे प्रयत्न टाकून द्या आणि उरलेल्यांतला मधला आकडा घ्या. सर्वात चांगला नव्हे.

आता मुख्य मुद्दा. सराव केला की सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, कारण ती चाचणी अंगवळणी पडते. मग तो अडतो. शिवाय हिरवा रंग दिसला की बोट टेकवा, यात निवड कुठाय? एकच इशारा आणि अनेकांतून निवड, यांच्या वेळेतला फरक डच संशोधक डॉंडर्स यांनी १८६८ मध्येच मोजून दाखवला. पर्याय वाढले की वेळ वाढतो.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेतल्या संघांची मॅच बघताना पेनल्टीच्या वेळी गोलकीपरकडे बघा. ११ मीटर अंतर. ताशी १०० किलोमीटरनं मारलेला बॉल ०.४ सेकंदांत गोलात. त्यातला निम्मा वेळ नुसत्या प्रतिक्रियेत गेला, तर उरलेल्या वेळात कोपरा गाठणार कसा? म्हणून चांगला कीपर बॉल सुटायच्या आधीच वाचायला लागतो: मारणाऱ्याचा टेकलेला पाय कुठं वळलाय, कंबर कुठं फिरतेय. ही नजर खऱ्या किक बघून आणि खाऊन येते. तुमच्या २३० चे २२० झाले तरी तिथं हाती लागणार १० मिलिसेकंद.

पोरांचा उत्साह मी घालवतोय म्हणता. उलट, रात्री एकपर्यंत अ‍ॅपवर बोट आपटणाऱ्या पोराला मी झोप म्हणतो. जागरणानं प्रतिक्रिया मंदावते.

पुढचे आकडे जरूर पाठवा. फोन कोणता, मधला आकडा किती आणि आदल्या रात्री झोप किती झाली, तेवढं सोबत लिहा.